ब्लँकने अडवलेले तीन आठवडे

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी, मुळा-मुठेला मिळणाऱ्या एका नाल्याची बीओडी (जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी) मोजण्याचा प्रकल्प मी घेतला, तो ही चाचणी सर्वांत सोपी असते या समजुतीवर. महागडे यंत्र लागत नाही. ३०० मिलीलिटरच्या बुचाच्या बाटल्या, ब्यूरेट, मोजकी द्रावणे आणि तापमान स्थिर ठेवणारा इन्क्युबेटर एवढ्यावर काम भागते. पाण्यातील सेंद्रिय घाण खाताना जीवाणू किती ऑक्सिजन संपवतात, हे पहिल्या आणि शेवटच्या दिवशीच्या ऑक्सिजनच्या वजाबाकीतून काढायचे. परदेशी पुस्तकांत यासाठी २० अंश सेल्सिअस आणि पाच दिवस दिलेले असतात, तर आपल्या प्रमाणपद्धतीत २७ अंश आणि तीन दिवस. म्हणजे गुरुवारी लावलेली बाटली रविवारी उघडावी लागते. एका रविवारी रखवालदाराची मनधरणी करून प्रयोगशाळा उघडून घेतल्यानंतर मी नमुने सोमवारीच आणू लागले.

विरघळलेला ऑक्सिजन मोजण्याची पद्धत हंगेरीचे रसायनशास्त्रज्ञ लायोश विंकलर यांनी १८८८ मध्ये मांडली आणि थोड्या सुधारणांसह तीच आजही वापरली जाते. बाटली बुडबुडा न राहू देता काठोकाठ भरायची, मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड-अझाइड यांचे एकेक मिलीलिटर पिपेटने आत सोडायचे आणि बूच लावून बाटली उलटसुलट करायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो. पहिल्या दिवशी मी नाल्याच्या काठावर बाटली हलवली तेव्हा साका दह्यासारखा पांढरा शुभ्र राहिला. माझे द्रावण बिघडले असे वाटून मी शेजारच्या दुकानातून पिण्याचे पाणी मागून घेतले आणि त्यावर तोच प्रयोग केला. तो साका लगेच तपकिरी झाला. द्रावण ठीक होते, नाल्यातच ऑक्सिजन उरलेला नव्हता.

पुढचे काम प्रयोगशाळेत. सल्फ्युरिक आम्ल घातले की साका विरघळतो आणि ऑक्सिजनच्या प्रमाणात आयोडीन मोकळे होते. मग बाटलीतील २०१ मिलीलिटर पाणी घेऊन ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटने टायट्रेशन करायचे, म्हणजे ब्यूरेटमधून ते थेंबथेंब सोडत किती लागले ते मोजायचे, रंग फिकट गवती झाल्यावर स्टार्च घालायचा आणि निळा रंग नाहीसा होताच थांबायचे. जितके मिलीलिटर थायोसल्फेट, तितके मिलिग्रॅम प्रतिलिटर ऑक्सिजन. (२०० ऐवजी २०१ अशासाठी की घातलेल्या दोन मिलीलिटर द्रावणांनी तेवढेच पाणी बाहेर सारलेले असते.) अझाइड घालायला विसरले तर सांडपाण्यातील नायट्राइटमुळे गेलेला निळा रंग दोन मिनिटांत पुन्हा उगवतो, हेही मी एकदा अनुभवले.

एवढे हाताला बसले, पण बीओडीची खरी मेख विरलनात, म्हणजे नमुना पातळ करण्यात आहे. पुण्याच्या उंचीवर २७ अंशांच्या पाण्यात जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो आणि नाल्याचे पाणी तेवढा काही तासांत संपवते. म्हणून नमुन्याचे थोडेसे पाणी विरलन-पाण्यात मिसळावे लागते. हे विरलन-पाणी म्हणजे हवा खेळवलेले डिस्टिल्ड पाणी, ज्यात जीवाणूंसाठी फॉस्फेट बफर, मॅग्नेशियम सल्फेट, कॅल्शियम क्लोराइड आणि फेरिक क्लोराइड घातलेले असते. तीन दिवसांत किमान २ मिलिग्रॅम ऑक्सिजन खर्च व्हावा आणि शेवटी किमान १ उरावा, अशी अट असल्यामुळे मी ३, ६ आणि १५ मिलीलिटर नमुना घालून वेगवेगळ्या बाटल्या लावत असे. सोबत नुसत्या विरलन-पाण्याच्या दोन बाटल्या, म्हणजे ब्लँक. त्यातील ऑक्सिजन तीन दिवसांत ०.२ मिलिग्रॅमहून अधिक घटता कामा नये.

माझ्या ब्लँकमध्ये तो ०.६ ने घटला. मी ते ०.६ सरळ नमुन्याच्या घटीतून वजा केले आणि उत्तर वहीत लिहिले. मॅडमनी त्या आकड्याभोवती पेन्सिलीने गोल केला आणि विचारले, ‘‘ब्लँक वजा करायला कोणी सांगितलं?’’ मग त्यांनी माझ्याकडूनच हिशेब करून घेतला. ३०० मिलीलिटरमध्ये ६ मिलीलिटर नमुना म्हणजे घटीला ५० ने गुणायचे, ०.६ गुणिले ५० म्हणजे ३०. प्रक्रिया केलेले सांडपाणी नदीनाल्यात सोडण्यासाठी बीओडीची सर्वसाधारण मर्यादाही ३० मिलिग्रॅम प्रतिलिटरच आहे. नाल्याचा थेंबही न घालता माझ्या पाण्याने ती मर्यादा गाठली होती, आणि ही घाण प्रत्येक बाटलीत सारखीच काम करते याची काहीच हमी नसल्यामुळे ती वजा करूनही सुटका नव्हती.

त्यानंतरचे दोन आठवडे मी कारण शोधण्यात घालवले. बाटल्या पुन्हा धुतल्या, बुरशीच्या शंकेने फॉस्फेट बफर नवे केले, थायोसल्फेटचे प्रमाणीकरण पुन्हा केले. पण प्रत्येक फेरीचा निकाल तीन दिवसांनी हाती येणार, म्हणून एकेक गोष्ट बदलून पाहणे फार रेंगाळत होते, आणि ब्लँक ०.५ च्या खाली यायला तयार नव्हता. शेवटी प्रयोगशाळेतले मामा म्हणाले, ‘‘ताई, सगळं धुतलंत, ती नळी कधी धुतलीत का?’’ विरलन-पाण्याच्या मोठ्या कॅनमधून बाटल्या भरायची ती लाल रबरी नळी माझ्या आधीच्या किती तुकड्यांनी वापरली होती, कोण जाणे. मामांनी ब्लेडने ती उभी चिरली. आतून करडा, बुळबुळीत थर होता. नखाने खरवडला तर शेवाळलेल्या माठासारखा वास आला.

त्याच दिवशी एक ब्लँक कॅनमधून थेट आणि दुसरा त्या नळीच्या उरलेल्या तुकड्यातून भरून लावला. गुरुवारी पहिला ०.१५ ने घटलेला होता आणि दुसरा ०.५५ ने. नवी सिलिकॉनची नळी आली, ती दर आठवड्याला उकळून घ्यायची असे ठरले. मग ग्लुकोज आणि ग्लुटामिक आम्ल प्रत्येकी १५० मिलिग्रॅम प्रतिलिटर असलेल्या प्रमाण द्रावणाची चाचणी घेतली. पाच दिवसांच्या पद्धतीत त्याची बीओडी १९८ च्या मागेपुढे तीसेक अपेक्षित असते. मला तीन दिवसांत १८६ मिळाली. या द्रावणात स्वतःचे जीवाणू नसतात, म्हणून सांडपाण्याची निवळी विरजणासारखी घालावी लागते, आणि तिने खाल्लेला ऑक्सिजन मात्र रीतसर वजा करायचा असतो, कारण ती आपण मोजून घातलेली असते आणि तिची बीओडी वेगळी काढलेली असते. वजाबाकी कुठे चालते आणि कुठे नाही, यातला फरक मला तेव्हा कुठे उमगला.

पहिल्या तीन आठवड्यांचे नमुने परत करून पाहण्याची सोय नव्हती, कारण चार अंशांवर ठेवलेला नमुनाही २४ तासांच्या आत लावावा लागतो. मी रजिस्टरमधील त्या ओळींवर आकडे वाचता येतील अशी एकच आडवी रेघ मारली, शेजारी कारण, तारीख आणि सही केली आणि प्रबंधातील आलेखात ती जागा रिकामी सोडली. तोंडी परीक्षेत परीक्षकांचे बोट पहिल्यांदा नेमके त्या रिकाम्या जागेवर पडले. मी रजिस्टरचे ते पान उघडून दिले. त्यांनी ते वाचले, पान उलटले आणि पुढच्या सोमवारचा ब्लँक किती होता, एवढेच विचारले.