पाइन जमिनीत लावलात तरी मुळांवर नजर ठेवा

बोन्सायसाठी पाइन जमिनीत लावला की चार-पाच वर्षं तिकडे फिरकायचं नाही, असं बरेच जण सांगतात. मला ते अजिबात पटत नाही. खोड झकास जाड होतं, हे खरं. पण तेवढ्या काळात सोटमूळ सरळ पाताळात जातं, एक-दोन आडवी मुळं मनगटाएवढी होतात आणि ज्यांच्यावर झाड जगतं ती तंतुमुळं खोडापासून हातभर लांब पोचतात. मग कुंडीच्या मापाची मुळं कापायला गेलं की हातात नुसतं लाकूड उरतं.

आपल्याकडे वड-पिंपळावर हात बसलेल्यांना हे सांगावंच लागतं. वडाची मुळं सडकून छाटली तरी तो पुन्हा फुटतो. पाइनचं तसं नाही. ज्या फांदीवर एकही हिरवी सुई उरली नाही, ती बहुतेक गेलीच म्हणून समजा.

इथे कॅलिफोर्नियात सॅन होजेला आमच्या परसात मी जपानी काळा पाइन वाढवते. माती चिकण, पाणी धरून ठेवणारी, म्हणून उंच गादीवाफा केलाय. तळाला गोफरसाठी (जमिनीत बिळं करणारा उंदरासारखा प्राणी) जाळी, कारण तो मुळं कुरतडतो. प्रत्येक रोपाखाली एक सपाट फरशी, म्हणजे मुळं खाली न जाता चहूबाजूंना पसरतात. बियांपासून केलेल्या रोपांचं सोटमूळ मी कोवळेपणीच ब्लेडने कापते आणि उरलेलं देठ मुळं फुटवणाऱ्या संजीवकात बुडवून लावते. काही रोपं दगावतात, पण जगतात त्यांना गोलाकार मुळं फुटतात.

दर दोन-तीन वर्षांनी, हिवाळा सरता सरता, कॅन्डल, म्हणजे पाइनचे मेणबत्तीसारखे नवे कोंब, लांबायच्या आधी झाड उपटायचं. फावड्याने भोवती गोल चर घ्यायचा, मग खालून उचलायचं. माती काडीने हळूहळू सोडवली की मुळांवर पांढऱ्या बुरशीचं जाळं दिसतं, अळंबीसारखा वास येतो. मला तो वास फार आवडतो. ही बुरशी पाइनची सोबतीण आहे, म्हणून सगळी माती कधीच धुऊन काढायची नाही. एका खेपेला निम्मी बाजू मोकळी करायची, उरलेली पुढच्या वेळी.

जाड मूळ जास्त आखूड कापायचं, बारीक मूळ लांब ठेवायचं. दोन खेपांत बारीक मुळं जोर धरतात आणि बुंध्याभोवतीचा पसारा सारखा होतो. मुळं छाटली त्या वर्षी शेंड्याला मात्र कात्री लावायची नाही. खोड जाड करायला वाढू दिलेली लांब फांदी तशीच राहू द्यायची, फक्त तिची सावली खालच्या लहान फांद्यांवर पडू द्यायची नाही. पुढे भावी झाड त्याच फांद्यांतून घडणार असतं.

जपानात ताकामात्सु शहराच्या किनाशी भागात पाइनची अशी शेतंच्या शेतं आहेत. दोनशेहून जास्त वर्षं तिथे हे काम चाललंय आणि जपानच्या पाइन बोन्सायपैकी सुमारे ८० टक्के ताकामात्सुतून येतात. तिथली वाळूमिश्रित, निचऱ्याची जमीन पाहिली की माझ्या चिकणमातीचा हेवा कुणाला वाटणार!

यंदा सर्वांत जुना पाइन वाफ्यातून कायमचा काढून प्युमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी खडक) भरलेल्या लाकडी खोक्यात लावलाय. तारेने घट्ट बांधलाय, कारण वाऱ्याने हलला तर नवी मुळं तुटतात. नवी वाढ दिसेपर्यंत खत नाही. जूनमधली कॅन्डल छाटणी, तो पुरता सावरल्यावरच.