आमची वाटचाल : आधी उतार, मग झाडं

२०११ साली नागपूरच्या धरमपेठेत एका खोलीत मी आणि माझी वर्गमैत्रीण, अशा दोघींनी लँडस्केप आर्किटेक्चरचं, म्हणजे मोकळ्या जागा आणि बागा आखून देण्याचं, ऑफिस सुरू केलं. लोक विचारायचे, 'म्हणजे नर्सरी का?' बंगल्यांच्या बागा, सोसायट्यांची लॉन, अशी चार वर्षं गेली.

आम्हाला खरं शिकवलं ते बेसाच्या एका कामाने. काळ्या मातीवरच काँक्रीट टाकून पायवाट केली होती. पावसाळ्यात माती फुगली, उन्हाळ्यात भेगाळली आणि फरश्या वरखाली झाल्या. चूक आमचीच होती. सगळी पायवाट स्वखर्चाने उकरली, काळी माती काढून मुरूम भरला, चोपला.

म्हणून आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाची मुलं दर पावसाळ्यात एक दिवस आमच्याकडे येतात, तेव्हा झाडांची नावं आम्ही शेवटी घेतो. आधी ओली काळी माती हातात देतो. तळहातांवर वळली की तिची लांबच लांब वात होते. मुरूम वळत नाही, बोटांतून गळून जातो. नागपूरच्या पश्चिमेला बेसॉल्ट, पूर्वेला त्याहून जुना नाईस खडक. एकाच शहरात जमीन बदलते, हे त्यांना हातानेच कळावं असं मला वाटतं.

मग गवंड्याचा लेव्हल पाइप. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही, दोन टोकं दोघांनी धरायची. सपाट वाटणाऱ्या अंगणात नऊ इंच उतार निघाला की मुलं पुन्हा मोजतात. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कची गोष्ट मी इथेच सांगते. ऑल्मस्टेड आणि व्हॉक्स यांचा आराखडा १८५८ चा. तिथल्या दलदलीतही आधी जमिनीखाली मातीच्या नळ्या घालून पाण्याचा निचरा करावा लागला.

दुपारी अंबाझरी तलावाच्या सांडव्यावर. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे तलाव ओसंडला आणि खालच्या वस्त्यांत पाणी शिरलं. नाग नदीचं पात्र किती अरुंद झालंय, ते इथून चालत गेलं की दिसतं. मागच्या वर्षी एक मुलगी तिथे गप्पच झाली. त्या रात्री तिच्या घरात कमरेइतकं पाणी होतं. ऑफिसात परतल्यावर तिने ट्रेसिंग पेपर मागितला आणि आपली गल्ली काढली: पाणी कुठून आलं, कोणत्या कंपाउंडला अडलं, कुठे वळलं. माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर तो कागद अजून लावलेला आहे.