सर्व्हिस फ्रँचायझी घेताय? रॉयल्टीचं गणित आधी मांडा

घोडबंदर रोडला किंवा खारघरला गाळा घ्यायचा तर बरंचसं भांडवल डिपॉझिटमध्येच अडकतं. एसी सर्व्हिसिंग किंवा सोफा सफाईच्या फ्रँचायझीला गाळा लागत नाही, माल पडून राहत नाही. जेट पंप, व्हॅक्यूम, दुचाकी आणि दोन शिकलेली पोरं एवढ्यावर काम सुरू होतं.

रॉयल्टी, म्हणजे कंपनीचं नाव वापरण्याबद्दल तिला द्यायचा वाटा, मात्र बहुतेक वेळा नफ्यावर नाही, विक्रीवर असते. समजा महिन्याला 1,50,000 रुपयांची कामं झाली आणि रॉयल्टी 8 टक्के आहे: 12,000 गेले. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 2,160. तुमची स्वतःची जीएसटी नोंदणी नसेल तर हे 2,160 वळते होत नाहीत, खिशातूनच जातात. पगार, पेट्रोल यानंतर.

करारात हद्द पिनकोडने लिहून घ्या. ‘नवी मुंबई विभाग’ असं मोघम असलं की उद्या खारघरच्या 410210 मध्येच त्याच कंपनीचा दुसरा फ्रँचायझीवाला उभा राहतो. कंपनीच्या ॲपवर आलेलं काम कोणाचं, हेही कागदावर हवं.

एसीचं काम मार्च ते मे तुंबतं, पावसाळ्यात ओसरतं; तेव्हाचे पगार आधीच बाजूला काढा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट आहे, त्यासाठी एजंट कशाला?