मागच्या सीटवरचा खेळ

रविवार, रात्री उशिरा

मायकल विंटरबॉटमचा 'जेनोवा' (2008) हा सिनेमा पुन्हा पाहिला. जे घडायचं ते सुरुवातीलाच घडून जातं. बर्फाळ रस्ता, आई गाडी चालवतेय, मागे दोन मुली. डोळे झाकून समोरच्या गाडीचा रंग ओळखायचा खेळ रंगलाय. खेळाच्या भरात धाकटी मेरी आईचेच डोळे झाकते.

उरलेला दीड तास त्या दोन इवल्या हातांचा आहे, पण त्यांचा उच्चार फारच कमी. बाप (कॉलिन फर्थ) मुलींना घेऊन अमेरिकेतून इटलीतल्या जेनोवा शहरात येतो, विद्यापीठात शिकवायला. नवं घर, नवी भाषा, पियानोचे धडे. माणूस वाईट नाही, उलट फार जपणारा आहे. पण गाव बदललं की दुःख मागे राहील, असं त्याने धरलेलं दिसतं. थोरली केली मुलांबरोबर स्कूटरवरून उंडारते. मेरी रात्री किंचाळत उठते.

खरी कमाल गल्ल्यांची. जुन्या जेनोवातल्या या बोळांना 'कारुजी' म्हणतात. दोन्ही बाजूंना उंच घरं, वर आकाशाची चिंधी. मार्सेल झिस्किंडचा कॅमेरा हातात धरलेला, उजेड बहुतेक जागेवरचाच. अशा बोळात कॅमेऱ्याला मागे सरायला जागाच नसते. त्यामुळे चेहरा जवळ राहतो आणि माणूस कोपऱ्यावर वळला की क्षणात नाहीसा होतो. मेरी हरवते तेव्हा पोटात गोळा येतो तो यामुळे. मग समुद्रकिनाऱ्याचं ऊन आलं की डोळे दिपतात, आणि त्या उजेडाचाच राग येतो.

मेलेली आई (होप डेव्हिस) मेरीला दिसते, तीही साध्या कपड्यांत, दिवसाउजेडी. धूर नाही, कसली करामत नाही. इथेच बऱ्याच प्रेक्षकांची गफलत होते, ते भुताच्या सिनेमाची वाट पाहू लागतात. निकोलस रोगच्या 1973च्या 'डोंट लुक नाउ'मध्येही मूल गमावलेलं जोडपं व्हेनिसच्या गल्ल्यांत फिरतं, पण तिथे शेवटाला भीतीचं माप पुरेपूर पदरात पडतं. 'जेनोवा' भीती उसनी घेतो आणि फेडत नाही. फसवणूक वाटली तर प्रेक्षकाचा दोष नाही. मधल्या भागात हरवणं-सापडणं जरा जास्तच होतं, आणि बापाभोवती घुटमळणारी विद्यार्थिनी नसती तरी काही बिघडलं नसतं. विंटरबॉटमला सान सेबास्तियनच्या चित्रपट महोत्सवात दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला, तो रास्तच. पटकथेला मिळाला असता तर भांडलो असतो.

शेवटाकडे मेरी आईच्या मागे भर रहदारीत उतरते. पुन्हा गाड्या, पुन्हा तीच पोर. त्यानंतर शाळा सुरू होते, आणि त्या हातांबद्दल कुणी शहाणपणाचं एक वाक्यही बोलत नाही.