मीही टाळी वाजवली

एक वेलांटी आणि एक शब्द. बदललं ते एवढंच.

मी लिहून दिलं होतं, ‘सीमेवर काहीही घडलं तरी बोलणी थांबणार नाहीत.’ साहेब प्रचारसभेत म्हणाले, ‘सीमेवर काहीही घडलं तर बोलणी होणार नाहीत.’ मैदान दणाणलं. आणि मंचामागे पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्यावर बसून मीही टाळ्या वाजवत होतो. चांगल्या पाच-सहा. मग कळलं, आपण काय ऐकलं ते.

वाक्य फिरवलं याचा राग आला होता, तो रात्री जेवतानाच ओसरला. टाळी मात्र जात नाही. ओळखीची चाल कानावर आली आणि हात आपोआप हलले, असं स्वतःला सांगून पाहिलं. हात आपोआप हलतात? मग एरवी दुसऱ्यांच्या सभांमधल्या गर्दीला मी कशाला नावं ठेवतो?

चार महिने फुकट राबतोय. नोकरी सांभाळून रात्री टिपणं. ‘परराष्ट्र धोरण सल्लागार’ हे कागदावर; कार्यालयात माझं नाव कबुतर. (‘कबुतर आलं, दाणे टाका,’ असं नाना म्हणतात. त्यावर आपणही हसायचं असतं.) त्या एका टिपणाला तीन रात्री गेल्या. १९६२ च्या क्युबा क्षेपणास्त्र पेचात सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांचा लांबलचक निरोप वॉशिंग्टनला पोहोचून उलगडेपर्यंत जवळजवळ बारा तास गेले होते. त्यातूनच १९६३ मध्ये वॉशिंग्टन आणि मॉस्को या दोन राजधान्यांत थेट दुवा जोडला. तोही सिनेमातला लाल फोन नव्हे, साधा टेलिप्रिंटर. मग आपल्याकडचं: एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, हा भारत-पाकिस्तान करार १९८८ चा. १९९२ पासून दर १ जानेवारीला दोघं आपापल्या केंद्रांची यादी एकमेकांना देतात. १९९९ ला कारगिल झालं, पुढच्या १ जानेवारीलाही यादी गेली. शिव्या घालत का होईना, कागद जातो. मला एवढंच म्हणायचं होतं.

बाबा असते तर त्यांना ते पान दाखवलं असतं. असो.

ताईंना विचारलं. फोनवरची नजर न काढता त्या म्हणाल्या, “अहो, तुम्हीच लिहिलं होतंत ना? केनेडींनी तुर्कस्तानातली अमेरिकी क्षेपणास्त्रं काढायचं गुपचूप कबूल केलं आणि लोकांपुढे कडक राहिले. आधी निवडून येऊ, मग बोला की हवं तेवढं.”

माझंच टिपण. पान दोन, तळटीप. देवाणघेवाण गुप्त ठेवणं वेगळं आणि भर सभेत दारालाच कडी घालणं वेगळं, हे मला सुचलं तेव्हा मी जिना उतरून पार्किंगमध्ये पोहोचलो होतो.

पण पुन्हा टाळी. आत्ता पावणेदोन वाजता ते वाक्य मोठ्याने म्हणून पाहिलं, दोन्ही प्रकारे. शेवटच्या ‘नाहीत’वर आवाज जसा पडतो तिथे टाळी येणारच, आधी काही म्हणा. आणि ती जागा तिथे कोणी ठेवली? मी. धोरणाचं टिपण होतं, त्यात यमकासारखं वाक्य घालायची काय गरज होती? साहेबांच्या तोंडून ते कसं वाजेल, याचा विचार करूनच घातलं होतं. टाळीसाठीच लिहिलं आणि टाळी मिळाली. तक्रार नक्की कशाची आहे?

राजीनामा द्यायचं मनात आलं होतं. पण बिनपगारी माणसाने राजीनामा कोणाला द्यायचा? व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सोडला तर नाना पुन्हा जोडून घेतील, वर कबुतराचं चित्र टाकतील.

गुरुवारपर्यंत निर्वासितांवर एक पान हवंय. एकच, ‘आणि तळटिपा नकोत,’ ताई म्हणाल्या. बसलोय. या वेळी वाक्य असं बांधायचंय की त्यातला एक शब्द हलवला तरी व्याकरण कोसळावं. तीन वाक्यं खोडली. चौथं भाषणात म्हणताच येणार नाही इतकं ओबडधोबड झालंय. तेच ठेवतो बहुतेक.