रील नको, लिहूया म्हटलं

नेटवर कोल्हापूर टाकून बघा काय येतंय. तांबडा, पांढरा, मिसळ, चप्पल, अंबाबाई, रंकाळ्यावरचा सूर्यास्त, आणि मग कोणतरी बाहेरगावचा पोरगा मिसळीचा पहिला घास घेऊन डोळे मोठे करून कॅमेऱ्याकडं बघणार. त्यात वाईट काय नाही, मीपण बघतो. २०२५ ला प्राडानं मिलानच्या शोमध्ये आपल्यासारखी चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नावच घेतलं नाही, तेव्हा तर आठवडाभर मी पण तावातावानं फॉरवर्ड मारत होतो. पण हे सगळं बघून झालं की वाटतं, ह्यात आम्ही कुठं आहे? म्हंजे सकाळी डबा घेऊन शिरोलीच्या फाउंड्रीत जाणारी, संध्याकाळी शाहू स्टेडियमला मॅच असली तर साहेबाला काय तर सांगून लवकर सुटणारी, रात्री गंगावेशीत धारोष्ण दूध पीत उभी राहणारी माणसं. आम्ही बोलतो लै. लिहीत कोण नाही.

तर मी लिहायचं ठरवलंय. हे एकदम डोक्यात आलेलं नाही.

२०२४ च्या ८ ऑगस्टला रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. ९ ला केशवरावांची जयंती आणि आदल्या रात्री त्यांच्याच नावाचं थिएटर आगीत, असला योग. शाहू महाराजांच्या काळात, १९१५ ला उभं राहिलेलं, तेव्हा पॅलेस थिएटर म्हणायचे. दुसऱ्या दिवशी ज्याच्या त्याच्या स्टेटसला आठवणी. कोण शाळेच्या गॅदरिंगला तिथं झाड झालेला, कुणाला तिथंच बाल्कनीत बायको पहिल्यांदा दिसलेली, कोण पडदा ओढायला होता. आमचे पप्पा, जे एरवी गुड मॉर्निंगला अंगठा देण्यापलीकडं काय टाईप करत नाहीत, त्यांनी घरच्या ग्रुपवर हा एवढा लांब मेसेज लिहिला. नाटक सुटल्यावर रात्री खासबागेच्या कडंनं चालत घरी यायचं, वाटेत पुढचे-मागचे सगळे नाटकातलीच गाणी म्हणत चाललेले, आणि घरी आलं की आजोबा दार उघडायच्या आधी आतनंच विचारायचे, काय झालं शेवटी? म्हणजे आजोबांना राग यायच्या ऐवजी स्टोरी पाहिजे असायची.

पुढं पप्पांचा फोन बिघडला, माझा बदलला, बॅकअपमध्ये ते काय आलं नाही, मेसेज गेला. परत लिहा की म्हटलं तर म्हणाले, आता ते तसं येत नाही रे. आणि स्टेटसचं काय, ते चोवीस तासांत जातंय. दोन दिवस अख्खं गाव लेखक झालं होतं आणि तिसऱ्या दिवशी बघायला गेलं तर काय शिल्लक नाही.

पुराचंही तसंच. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे इथल्या शेंबड्या पोराला पण पाठ असतंय. राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी कितवा उघडला ते दरवाजा उघडायच्या आधीच ग्रुपवर आलेलं असतंय. आकडे आहेत की. पण १९८९, २००५, २०१९, २०२१, ह्यातलं कुठलं पाणी गल्लीत कुठंवर आलेलं ह्यावर आमच्या कट्ट्यावर दरवर्षी जुलैमध्ये भांडण. एक म्हणतो दुसऱ्या पायरीला, दुसरा म्हणतो देवळाच्या उंबऱ्याला, आणि जो २००५ ला जन्मला पण नव्हता तो सगळ्यात मोठ्यानं बोलतोय. २०१९ ला शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, कंपनीचा विषयच संपला, तेव्हाचे व्हिडिओ हवे तेवढे मिळतील, बोटी, हेलिकॉप्टर, छपरापर्यंत पाणी. पाणी उतरल्यावर मात्र कॅमेरे पण उतरले. तो चिखलाचा वास, रस्त्याकडंला गाद्यांचे ढीग, दोरीवर चिमटे लावून वाळत घातलेली रेशनकार्डं आणि पोरांच्या मार्कलिस्टा, दिवाळी आली तरी न हटणारी भिंतीतली ओल. मला ते लिहायचंय.

दोस्तांना सांगितलं तर पहिलं वाक्य, रील कर की भावा, लिहिलेलं कोण वाचतंय. असेल बाबा. पण कॅमेरा समोर धरला की मी बातम्या देणाऱ्यासारखा बोलायला लागतो, ते मलाच ऐकवत नाही. घरात सांगितलं तर बायको म्हणाली, लिहा की, फक्त माझ्या माहेरचं काय लिहायचं नाही. म्हणजे निम्मे विषय तिथंच गेले.

भाषेचा पण घोळ आहेच. दिवसभर रिजेक्शन रिपोर्ट लिहायची सवय, त्यामुळं पहिला मजकूर टाईप करायला बसलो तर आपोआप 'विषय' आणि 'संदर्भ' असंच सुरू झालं. मग म्हटलं बोलूनच टाईप करू, तर आपण 'करालोय' म्हटलं की फोन भलतंच काय तर उमटवतोय, त्याला पुस्तकीच लागतंय. म्हणून बोटानंच. शुद्धलेखनवाल्यांनी आधीच माफ करावं, नाही केलं तरी चालतंय.

नावं कुणाची टाकणार नाही. गाव केवढं, शिवाजी पेठेत शिंकलं की कसबा बावड्यातला पाहुणा फोन करून विचारतोय, बरं नाही काय. आणि किती नियमित लिहिणार तेही सांगत नाही. दर रविवारी म्हणणाऱ्यांचं पाडव्याला सुरू झालेलं अक्षय्य तृतीयेला बंद पडलेलं बघितलंय.

पहिलं काय ते मात्र ठरलंय, गुऱ्हाळ. आजोळी लहानपणी ओढ्याच्या कडंला एकाला लागून एक गुऱ्हाळं असायची, आता ऊस सरळ कारखान्याला जातोय, एकच राहिलंय. कोल्हापुरी गुळाला जीआय टॅग मिळाला, चांगलंच झालं, पण टॅगमध्ये गुळव्या, म्हंजे गूळ शिजवणारा माणूस, कुठं येतोय. रस काईलीत, म्हंजे मोठ्या कढईत पडला, खाली चुलवाण पेटलं, भेंडीचा रस घालून मळी काढली, इथंवर कोणपण सांगेल. त्याच्यापुढचं अवघड. काईल नेमकी कधी उतरायची? थर्मामीटर नाही, घड्याळ नाही. गुळव्या फेसाकडं बघत उभा, बुडबुड्याचा आवाज बदलला की थोडा पाक गार पाण्यात टाकणार, बोटांत गोळी करून बघणार, आणि हां म्हटलं की सगळ्यांची पळापळ. जरा लवकर उतरली तर गूळ बसत नाही, उशीर झाला तर काळा. मामाकडचा गुळव्या सत्तरीला आलाय, पोरगा पुण्यात. मी विचारलेलं एकदा, कसं कळतंय हो? म्हणाला, बघून कळतंय. आता हे 'बघून कळतंय' कागदावर कसं आणायचं ते मला अजून सुचलेलं नाही, जवळ बसूनच बघावं लागणार.

म्हणून मामाला फोन केला. म्हटलं हंगाम सुरू झाला की येतो, वही घेऊन गुळव्याजवळ बसतो. मामा म्हणाला, "ये की. पर नुसतं बसायचं न्हाई हां, चुलवाणात चिपाडं घालायला माणूस मिळंना झालाय."