घाटात उठलेलं दुखणं

जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या आदल्या रात्री आमच्या कॅज्युअल्टीत ऊन लागलेले, तळपायाला फोड आलेले भाविकच जास्त असतात. त्यामुळं रात्री अकराला एक तिशीच्या आतला तरुण उजवं कोपर धरून आला, तेव्हा सासनकाठी उचलताना हात लचकला असेल, असं मी धरूनच चालले. वाटेत एका दवाखान्यात त्यानं इंजेक्शन घेतलं होतं. गुण नव्हता.

कोपराला सूज नाही, हात सगळीकडं नीट वळत होता.

"दाबलं की दुखतंय का?"

"न्हाई मॅडम. आतनं ठणकालंय."

सिस्टर बीपी घ्यायला लागल्या. पट्टा फुगत गेला तसे त्यानं डोळे मिटले. "सिस्टर, ऱ्हाऊ दे तसंच. बरं वाटालंय."

मी थबकले. पट्टा काढून थेट कोपरावर गुंडाळला आणि पुन्हा फुगवला. ठणका ओसरला. हवा सोडली, पुन्हा सुरू. ही खूण दर वेळी मिळतेच असं नाही, मी तर ती फक्त पुस्तकात वाचलेली. मग जो प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा होता तो विचारला : काम काय करतोस?

मालवणला बोटीवर पाणबुड्या. त्या दिवशी अडकलेला नांगर सोडवायला वीस मीटरच्या आसपास पाच वेळा उतरला होता. दुपारी दोनला शेवटचा वर आला आणि यात्रेला पोचायचं म्हणून तीनला मोटरसायकलला किक मारली. फोंडा घाट चढून दाजीपूरच्या पुढं आल्यावर कोपर ठणकायला लागलं.

वीस मीटर खाली दाब जमिनीवरच्या तिप्पट असतो. त्या दाबानं श्वासातला नायट्रोजन रक्तात, चरबीत, सांध्यांत विरघळत जातो. वर आल्यावर तो फुप्फुसांवाटे हळूहळू निघून जायला वेळ लागतो, आणि एकामागून एक बुड्या मारल्या की साठा वाढतच जातो. त्याच्या अंगात तो भरलेला असतानाच पोरगा घाट चढला. सहाशे मीटर उंचीवर हवेचा दाब सुमारे सात टक्क्यांनी उतरतो. ऐकायला थोडा, पण काठोकाठ भरलेल्या अंगाला तेवढा पुरतो. वायूचे बुडबुडे धरतात आणि दुखणं उठतं. पाणबुड्यांच्या या आजाराला डीकम्प्रेशन सिकनेस म्हणतात.

"विमानात बसायचं न्हाई एवढं सांगितलेलं," तो म्हणाला. "मी कुठं विमानात बसलो?"

हे ऐकून मला फार वाईट वाटलं. अनेक बुड्यांनंतर किमान 18 तास विमान नको, हा नियम त्याला तोंडपाठ होता. पण कोल्हापूर समुद्रापासून साडेपाचशे मीटर वर आहे आणि आपल्या गावाची वाट घाटातून जाते, हे त्या नियमाला जोडून त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

तपासताना डाव्या पावलाला सुई टोचलेली त्याला नीट कळेना. "कापूस गुंडाळल्यागत हाय." इथं मात्र मी घाबरले. मज्जारज्जूला धक्का असेल तर एकेक तास मोलाचा. आडवं झोपवून मास्कनं पूर्ण ऑक्सिजन आणि सलाईन सुरू केलं.

बाहेर वडील फेटा बांधून उभे. "पहाटं डोंगरावर दर्शन घेऊन येतो, मग ॲडमिट करा." जोतिबाचा डोंगर तीन हजार फुटांहून उंच. मी त्यांचा हात धरून म्हणाले, "काका, देव समजून घेईल. ह्याला वर नाही, खाली न्यायचंय."

समुद्रकाठी दाबाचा चेंबर असलेल्या केंद्रातल्या डॉक्टरांशी बोलणं झालं. मोठ्या घाटांचा रस्ता टाळायचा होता, पण खाली उतरायला एक तरी घाट लागणारच. शेवटी ज्या घाटानं तो वर आला होता, त्याच घाटानं ॲम्ब्युलन्सनं खाली गेला, वाटभर ऑक्सिजन लावून. चेंबरमध्ये त्याला पुन्हा 18 मीटर खोलीएवढ्या दाबात ठेवून शुद्ध ऑक्सिजन दिला. पहिलीच पाळी पावणेपाच तासांची.

तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. कोपर मोकळं, पावलाला बरंच कळतंय, अंगठा अजून बधिर. तिथल्या डॉक्टरांनी काही आठवडे घाट चढायला मनाई केली होती. वडील गुलाल-खोबऱ्याची पुडी घेऊन सकाळच्या एसटीनं खाली गेले होते.